कर्करोगाचे उपचार आणि चेहऱ्याची निगा

आजार पोटात असो, छातीत असो वा रक्तात असो, चारचौघांना तो प्रथम दिसतो तो चेहऱ्यावर. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या घरी भेटीला जाणारा माणूस प्रकृतीची चौकशी करण्यापूर्वी चेहऱ्याकडे पाहतो, आणि आपल्याकडे कोण कसे पाहते हे रुग्णाच्या नजरेतून कधी सुटत नाही. अशा घरात पुष्कळदा आरशावर टॉवेल टाकलेला आढळतो. तो कोणी टाकला हे कोणी विचारीत नाही, व कोणी काढीतही नाही.

"चेहऱ्याचे काय घेऊन बसलात? जीव वाचला म्हणजे झाले!" असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात माया असते. परंतु या वाक्याचा एक दुष्परिणाम होतो. चेहऱ्याची आग होत असली, त्वचा सोलत असली, तरी ते सांगणे म्हणजे नसते चोचले, अशी रुग्णाची समजूत होते आणि तो गप्प बसतो. हे गप्प बसणे महागात पडते. कारण या दिवसांत चेहऱ्याची निगा हा नटण्यामुरडण्याचा प्रश्न राहत नाही, तर तो उपचारांचाच एक भाग होतो. तो कसा, आणि ही निगा रोजच्या रोज घरच्या घरी कशी राखावी, याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे.

प्रथम त्वचेला नेमके काय होते ते पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत पेशींचा, पण मोठा कामाचा असतो. भिंतीत विटा आणि चुना असावा तशा त्यात चपट्या पेशी असतात व त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्य भरलेले असते. ही भिंत आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. रोजच्या वापरात ती झिजते, आणि खालच्या थरात नव्या पेशी जन्मून सुमारे 4 आठवड्यांत वर येतात व झीज भरून काढतात. म्हणजे त्वचेचे आरोग्य पेशींच्या अखंड विभाजनावर अवलंबून आहे.

आता कर्करोगावरील रसायनोपचार, ज्याला घरोघर केमो म्हणतात, तो नेमका या विभाजनावरच घाव घालतो. या औषधांच्या जन्माची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा मुंबईत आहे. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या व कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या स्त्रियांचे रक्त सुधारते असे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे फोलिक ॲसिड या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. पेशींना विभागण्यासाठी ते लागते. अमेरिकेत आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्याच्याशी साम्य असलेली पण पेशीला फसविणारी द्रव्येही तेथे तयार झाली. त्यांपैकी एक बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना दिले व 1948 साली त्याचे परिणाम जाहीर केले. खोट्या जीवनसत्त्वाने फसलेली कर्करोगाची पेशी विभागू शकेना.

आज वापरात असलेली औषधे अनेक तऱ्हांची आहेत; पण त्यांपैकी पुष्कळांचे तत्त्व हेच, की झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला अडवावयाचे. अडचण एवढीच की केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि त्वचा येथल्या निरोगी पेशीही झपाट्यानेच वाढत असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, आणि चेहऱ्यावरची ती भिंत झिजते तशी भरून येत नाही. ती पातळ व कोरडी होते, काही ठिकाणी काळवंडते. एरवी जो साबण, जी पावडर, जी टिकली वर्षानुवर्षे सोसली, तीच आता झोंबू लागते. त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटलेल्या असतात. पुष्कळ औषधांच्या बाबतीत त्यांची संख्या मात्रा घेतल्यापासून 7 ते 14 दिवसांच्या सुमारास सर्वांत कमी होते. तटाला भगदाड आणि आत शिबंदी नाही, अशी ही स्थिती असते. चेहऱ्यावरची बारीकशी चीरही या दिवसांत दुर्लक्ष करण्यासारखी नसते, ती यामुळेच.

एवढे ध्यानात घेतले, म्हणजे निगेचे सूत्र आपोआप हाती येते. भिंतीला धक्का लावू नये, तिचा ओलावा टिकवावा, उन्हापासून तिला जपावे, आणि काही वेगळे दिसताच ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आता एकेक गोष्ट क्रमाने घेऊ.

प्रथम धुणे. तान्ह्या बाळाच्या न्हाणीचे पाणी आपण कोपर बुडवून पाहतो. चेहरा धुण्याचे पाणीही तेवढेच कोमट असावे. कढत पाणी त्वचेतले स्निग्ध द्रव्य धुऊन नेते. दिवसातून दोन वेळा धुणे पुरे. दुपारी घाम आला तर नुसत्या पाण्याचा हात फिरवावा. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा अंगाचा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो. निरोगी त्वचा हा फरक काही वेळात भरून काढते. उपचारांतल्या त्वचेला ते जड जाते. शिवाय कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो व तो चेहऱ्यावर राहतो. म्हणून साबणाऐवजी, साबण नसलेले, सुगंध नसलेले सौम्य द्रव वापरावे. ते औषधाच्या दुकानात मिळते. बोटांच्या पेरांनी हलके लावावे व भरपूर पाण्याने काढावे. घासणी, खरखरीत पंचा, दाणेदार स्क्रब यांपैकी काहीही चेहऱ्यास लावू नये. धुतल्यावर स्वतःच्या वेगळ्या, मऊ सुती टॉवेलाने टिपून घ्यावे, पुसू नये. हा टॉवेल वरचेवर धुऊन उन्हात वाळवावा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी तो वापरू नये.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. चेहरा टिपल्यावर तो जरासा दमट असतानाच, म्हणजे दोनतीन मिनिटांच्या आत, ओलावा टिकविणारे क्रीम लावावे. ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पांढरी पेट्रोलियम जेली असलेले साधे क्रीम या कामाला उत्तम. ते महाग असावयास हवे असे मुळीच नाही. उलट ज्याच्या वेष्टनावर द्रव्यांची यादी लहान, ते बहुधा अधिक बरे. त्या यादीत 'परफ्यूम' अथवा 'फ्रॅग्रन्स' हे शब्द आहेत का, एवढे मात्र पाहून घ्यावे. असल्यास ते या दिवसांत नको. डबीत बोटे बुडविण्यापेक्षा नळीतले क्रीम पत्करावे, कारण डबीत हातांबरोबर जंतूही जातात. ओठांवर पांढरी जेली दिवसातून चारपाच वेळा लावावी. कोणतीही नवी वस्तू आणली, की ती प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि काही त्रास झाला नाही तरच चेहऱ्याला लावावी.

खोबरेल तेल लावावे काय, हा प्रश्न आपल्या घरांत हटकून विचारला जातो. त्वचा नुसतीच कोरडी असेल, कोठे फुटलेली नसेल, पुरळ नसेल, तर बिनसुगंधी शुद्ध खोबरेलाचे दोन थेंब लावावयास हरकत नाही. परंतु पुरळ उठलेल्या चेहऱ्यावर तेल चोपडू नये, आणि किरणोपचार चालू असतील तर तेथल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या भागावर काहीच लावू नये.

तिसरी गोष्ट उन्हाची. फ्लुरोयुरॅसिल, मेथोट्रेक्सेट यांसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला फार हळवी होते. एरवी ज्या उन्हात आपण भाजी आणावयास सहज जातो, तेवढ्याने चेहरा लाल होऊन आग करू लागतो, आणि आपल्या सावळ्या वर्णाच्या त्वचेवर त्या दाहाचे काळे डाग पुढे कित्येक महिने राहतात. मालव्यातला वैशाख आणि दख्खनचे ऊन आपणांस ठाऊक आहेच. सकाळी 10 पासून दुपारी 4 पर्यंत बाहेर जाणे शक्यतो टाळावे. जावेच लागले तर छत्री घ्यावी, डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा सुती ओढणी असावी. खिडकीच्या साध्या काचेतून उन्हाचे काही अपायकारक किरण आत येतात, हे रेल्वेने वा मोटारीने दूरच्या रुग्णालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. चेहऱ्याला ऊनरोधक क्रीम लावावे. त्यावर एसपीएफ 30 किंवा अधिक असा आकडा असावा, आणि झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइड यांवर आधारलेले क्रीम हळव्या त्वचेला सहसा झोंबत नाही. तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतके क्रीम चेहरा व मान यांना लागते. नखाएवढे लावून उपयोग नाही. बाहेर असल्यास दर 2 तासांनी ते पुन्हा लावावे.

येथवर काय करावे ते सांगितले. आता काय करू नये ते सांगतो, आणि हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्या घरांत रुग्णाचे हाल सहसा दुर्लक्षाने होत नाहीत, अतिकाळजीने होतात. चेहरा काळवंडलेला दिसला, की आत्या लिंबू घेऊन येते, मावशी हळद कालवते, शेजारच्या काकू मुलतानी मातीची पुडी पाठवितात. या सर्वांचा हेतू चांगला असतो. परंतु लिंबाचा रस फार तीव्र आम्ल आहे, आणि तो लावून ऊन लागले तर त्याच जागी भाजल्यासारखे फोड येऊन डाग पडतात. हळदीने काहींना खाज व पुरळ येते. मुलतानी माती व डाळीचे पीठ उरलासुरला ओलावा शोषून घेतात. निरशा दुधाच्या सायीत जंतू असतात. बाळाला आपण डाळीचे पीठ आणि साय लावून न्हाऊ घालतो, पण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाच्या सोललेल्या चेहऱ्यावर ते नको. ताज्या कोरफडीच्या पानातून निघणारा पिवळा चीकही झोंबतो; आणि कोरफडीने किरणोपचारांतला दाह टळतो असे आजवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. दिवाळीच्या पहाटे उटणे लावणे हा आपला जिव्हाळ्याचा संस्कार. त्या दिवशी रुग्णाच्या हातापायाला तेलाचा हलका हात लावावा, चेहरा सोडावा. शास्त्र पुरे झाले असे समजावे.

बाजारातल्या वस्तूंविषयी याहून कडक सूचना द्यावीशी वाटते. गोरे करण्याचा दावा करणाऱ्या कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मागाहून त्वचा पातळ होते, लाल होते, आणि मलम सोडताच आग होऊ लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी मलमे विकण्यावर सरकारने 2018 साली निर्बंध घातले. तरीही ती मागितल्यास मिळतात, हे आपण सारे जाणतो. कर्करोगाच्या औषधांनी आलेला काळेपणा बहुधा उपचार संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू ओसरतो. तो घाईने घालविण्याच्या नादात त्वचा मात्र कायमची बिघडू शकते.

आता, चेहऱ्याची तक्रार न सांगण्याने काय होते, याची एक घरचीच हकीकत सांगतो. माझ्या नात्यातल्या एका वहिनींना फुप्फुसाचा कर्करोग झाला. त्यांना रोज एक गोळी घ्यावयाची होती. शिरेतून औषध नाही, केस जाणार नाहीत, म्हणून घरात सर्वांना हायसे वाटले होते. दहाव्या दिवशी नाकावर, गालांवर आणि छातीवर पुवाळलेल्या तारुण्यपीटिकांसारखे पुरळ उठले. वय पंचावन्न! वहिनींना त्याचीच लाज वाटली. पुतणीने पीटिकांवरचे मलम आणून दिले, जाऊबाईंनी कडुलिंबाचा लेप लावला. चार दिवसांत चेहरा सोलून निघाला. तेव्हा वहिनींनी कोणाला न सांगता गोळीच बंद केली. उशाखालच्या डबीत त्या गोळ्या साठत गेल्या. अठरा दिवसांनी तपासणीची तारीख आली, तेव्हा ते उघडकीस आले. डॉक्टर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "काकू, पुरळ उठले त्याच दिवशी एक फोन केला असता, तर गोळी बंद करावी लागली नसती, आणि चेहराही सोलला नसता. हे पुरळ येणार हे मला ठाऊक होते. तुम्हांला ते नीट सांगावयाचे राहिले, ही माझी चूक." सुदैवाने गोळी पुन्हा सुरू करता आली.

हे पुरळ का येते? एरलोटिनिब, जेफिटिनिब यांसारख्या गोळ्या आणि सीटुक्सिमॅब, पॅनिट्युमुमॅब ही शिरेतून दिली जाणारी औषधे पेशीवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला बंद करतात. वाढीचा संदेश त्या ग्राहकामार्फत कर्करोगाच्या पेशीला मिळतो. पण तोच ग्राहक त्वचेच्या आणि केसांच्या मुळांच्या पेशींवरही असतो. तो बंद पडला की तेथे दाह होतो, आणि औषध सुरू केल्यापासून बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत पुरळ उठते. दिसावयास ते तारुण्यपीटिकांसारखे असले तरी त्या ते नव्हेत. पीटिकांवरची मलमे तेलकट त्वचा कोरडी करण्यासाठी असतात. येथे त्वचा आधीच कोरडी असते, म्हणून ती मलमे आगीत तेल ओततात. पुरळ आले म्हणजे औषध मानवत नाही, किंवा लागू पडत नाही, असेही समजू नये.

उलट या पुरळावर आधीपासून उपाय करता येतो. 2010 साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पॅनिट्युमुमॅब सुरू करावयाच्या 95 रुग्णांचे तीत दोन गट केले होते. एका गटाला औषधाच्या आदल्या दिवसापासूनच ओलावा टिकविणारे क्रीम, ऊनरोधक क्रीम, सौम्य स्टेरॉइडचे मलम आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटाला पुरळ उठल्यावर उपचार देण्यात आले. मध्यम वा तीव्र स्वरूपाचा त्वचेचा त्रास दुसऱ्या गटात शेकडा 62 जणांना झाला, तर पहिल्या गटात शेकडा 29 जणांना. या चार उपायांपैकी दोन, म्हणजे साधे क्रीम आणि उन्हापासून बचाव, कोणाही घरात होण्यासारखे आहेत. उरलेले दोन डॉक्टरांनी ठरवावयाचे. म्हणून असे औषध सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, "याने चेहऱ्यावर काही होईल काय? झाले तर कोणाला कळवावयाचे?" हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

ज्यांना तोंडाच्या, घशाच्या वा मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार चालू असतात, त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडे तंबाखूमुळे हे रोग फार, म्हणून हे उपचार घेणारेही पुष्कळ. त्यांना लोक 'शेक' म्हणतात. या शब्दाने थोडा घोटाळा होतो. या उपचारात उष्णतेचा शेक नसतो. घेताना काही जाणवतही नाही. परंतु किरण आत जाताना त्वचेतून जातात. आठवड्यातून 5 दिवस असे 6 ते 7 आठवडे ते चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्वचा लाल होऊ लागते, शेवटी शेवटी सोलते, आणि उपचार संपल्यावरही एकदोन आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो. उपचार संपले तरी चेहरा बिघडतोच आहे, असे पाहून घाबरू नये. त्यानंतर त्वचा हळूहळू भरून येते. 'शेक' म्हटल्यामुळे कोणी त्यावर बर्फ ठेवतो, कोणी गरम पाण्याची पिशवी. दोन्ही वर्ज्य. त्या भागाला पाणी लावूच नये असे पूर्वी सांगत. ते आता सांगत नाहीत. कोमट पाण्याने हलके धुवावे, मात्र आखून दिलेल्या खुणा पुसू नयेत. पुरुषांनी वस्तऱ्याने वा ब्लेडने दाढी करू नये. लागलीच तर विजेच्या यंत्राने करावी, आणि त्यानंतर तुरटी वा सुगंधी पाणी लावू नये. मानेशी घासणारी कॉलर, साखळी आणि मंगळसूत्रही तेवढे दिवस दूर ठेवावे. चिकटपट्टी त्या भागावर लावू नये. काढताना ती त्वचा घेऊन येते.

वस्तऱ्याची गोष्ट सर्वच रुग्णांना लागू आहे. रक्तातल्या बिंबिका कमी असताना वस्तऱ्याची चीर लवकर थांबत नाही आणि जंतूंना वाट मिळते. भुवया कोरणे, दोऱ्याने ओठांवरची लव काढणे, हेही थांबवावे.

भुवया आणि पापण्या गेल्या म्हणजे स्त्रियांना फार वाईट वाटते. ते स्वाभाविक आहे. आपला चेहरा आपला वाटत नाही, ही वेदना क्षुल्लक नव्हे. अमेरिकेत 1989 पासून कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांना साधे प्रसाधन शिकविण्याचा एक उपक्रम चालतो, यावरून तिचे गांभीर्य ध्यानी यावे. भुवया मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने रेखता येतात. पेन्सिल नवी असावी व दुसऱ्या कोणाची नसावी. त्वचा फुटलेली नसेल तर सौम्य प्रसाधनास हरकत नाही, ते रात्री मात्र धुऊन टाकावे. कुंकवाचे व टिकलीचे काय, असे विचारणाऱ्या भगिनींना सांगावेसे वाटते, की कुंकवातले रंग आणि टिकलीचा चिकट गोंद यांनी हळव्या त्वचेला खाज सुटते, काहींच्या कपाळावर टिकलीच्या गोंदाने पांढरा डागही पडतो. कपाळ लाल झाले असेल तर काही दिवस ते मोकळे ठेवावे. आणि त्या मोकळ्या कपाळाबद्दल भेटीला आलेल्या बायकांनी अवाक्षर काढू नये, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

शेवटी, कोणत्या वेळी थांबू नये ते सांगतो. अंगात 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर रात्र असो वा सण असो, तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. ताप असून त्वचा दुखत असेल, फोड येत असतील, डोळे लाल व तोंड सोललेले असेल, तरीही तसेच; काही औषधांची ही गंभीर प्रतिक्रिया असू शकते. चेहरा एकाएकी सुजला, श्वास लागू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. पुरळातून पू येऊ लागला, पिवळी खपली धरली, लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी दाखवावे. चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखरे फोड ओळीने उठले तर ती नागीण असू शकते. तिच्यावर गावठी लेप लावीत दिवस घालवू नयेत, कारण तिचे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते, आणि ती डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती चेतविणारी औषधे घेणाऱ्यांनी तर साधी खाज किंवा पांढरा डागही कळवावा. उपचार संपून काही महिने झाले असले तरीही.

श्रोतेहो, हे सारे ऐकून फार मोठा व्याप आहे असे वाटेल, पण तसे नाही. सकाळी कोमट पाणी, टिपणे, क्रीम, आणि बाहेर जाण्यापूर्वी ऊनरोधक क्रीम. रात्री पुन्हा पाणी, टिपणे, क्रीम. दोन्ही वेळचे मिळून दहा मिनिटांचे काम आहे. घरातल्या एकाने हे काम आपल्याकडे घ्यावे, हात स्वच्छ धुऊन रुग्णाच्या शेजारी बसावे, आणि रोज उजेडात चेहरा एकदा नीट पाहावा. काल नव्हते ते आज काय दिसते, ते एका वहीत दोन शब्दांत लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीला औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर ती वहीही न्यावी. रुग्ण जे लाजेने बोलणार नाही, ते ती वही बोलेल.

आणि आरशावरचा तो टॉवेल! तो ओढून काढण्याची घाई करू नये. रोज दोन वेळा आपल्या चेहऱ्याला कोणीतरी मायेने हात लावते, त्याकडे पाहून तोंड फिरवीत नाही, हे रुग्णाच्या मनात रुजले, म्हणजे एखाद्या सकाळी तो टॉवेल त्याचा तोच बाजूला करील.